बेळगावची भाजी आणि आपली म्हादई

आज सकाळी भाजीच्या गाड्यावर डोकं फिरलं. बेळगावहून गोव्यात उतरणाऱ्या चोर्ला घाटात ट्रक अडकलेले, कोथिंबीर आलीच नाही, मिरचीचा भाव ऐकून ती परत ठेवली. तेवढ्यात पुढचे गृहस्थ पिशवी भरता भरता गरजले, ‘कर्नाटकाला म्हादईचा एक थेंब देता कामा नये!’ पिशवीत कोबी, फ्लॉवर, गवार. सगळं बेळगावचं. आणि ह्यांचं स्वतःचं भातशेत रस्त्याला लागून वर्षानुवर्षं पडीक, आत बगळे चरतात.

म्हादई कर्नाटकातून गोव्यात येणारी आपली नदी, आणि कर्नाटकाला तिचं पाणी मलप्रभा नदीकडे वळवायचंय. त्याबद्दल इथे कुणाला पटवायला नको, आपण सगळे एकाच बाजूचे. ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाला पाणी देणारी खांडेपार म्हादईचीच उपनदी. पाणीवाटपाच्या लवादाने २०१८ मध्ये कर्नाटकाच्या पदरात १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी टाकलं तेव्हा मी तावातावाने लिहिलं होतं, आणि पुन्हा लिहीन. पण मलप्रभेच्या खोऱ्यात पाणी नको आणि तिकडची भाजी मात्र रोज हवी, हे कसं चालायचं?

माझा मामा सत्तरी तालुक्यातला. पाऊस सरला की वाड्यावरचे सगळे मिळून व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, दगड-मातीचा बांध घालायचे आणि पाटाने पाणी कुळागरांत (माडा-पोफळीच्या बागांत), वायंगणात (पावसाळ्यानंतरच्या भातात) फिरवायचे. प्रत्येकाची पाळी ठरलेली. मामाची रात्रीची असायची. कंदील घेऊन निघायचा, मागे मी. एकदा शेजाऱ्याने वेळेआधीच पाणी आपल्याकडे वळवलं. तो अख्खा उन्हाळा दोघं बोलले नाहीत. पण मध्येच बांध फुटला तेव्हा दोघंच गुडघाभर पाण्यात उभे राहून दगड लावत होते, तेही न बोलता!

किलोभर तांदूळ पिकायला सुमारे अडीच हजार लिटर पाणी लागतं. जगात जेवढं गोडं पाणी उपसलं जातं, त्यातलं सुमारे ७० टक्के शेतीत जातं. म्हणजे ट्रकमधून भाजी येते तेव्हा नदीच येते हो घाट उतरून, फक्त तिच्यावर मीटर नसतो. सौदी अरेबियाने वाळवंटात जमिनीखालचं पाणी उपसून गहू पिकवला, पाणी संपत आलं तशी २०१६ पर्यंत स्थानिक गव्हाची सरकारी खरेदी गुंडाळली, आणि तिथल्या कंपन्या गुरांचा चारा पिकवायला थेट अमेरिकेत ॲरिझोनात पोचल्या. त्यांचं समजू शकते, त्यांच्याकडे नदीच नाही. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो! आत्ताही कोसळतोय, लिहिताना ऐकू येतोय.

आणि विकणारा कायम विकतच राहील ह्या भ्रमात कोणी राहू नये. जुलै २०२३ मध्ये आपल्याच देशाने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. जगाच्या तांदूळ व्यापारातला सुमारे ४० टक्के माल आपला, तरी घरचा भाव चढला तसं दार लावलं. उद्या मलप्रभा आटली तर बेळगावचा शेतकरी आधी आपलं घर बघेल. मीही तेच करीन. मामाच्या शेजाऱ्याने तेच केलं होतं. फरक एवढाच, त्याला बांधावर मामाचं तोंड बघावं लागत होतं. आपण घाटापलीकडच्या शेतकऱ्याला फक्त शिव्या देतो.

हो, कूळ कायद्याची धास्ती आहे, शेत कसायला दिलं तर जाईल म्हणून लोक घाबरतात, मान्य. मजूर मिळत नाही, गवे-माकडं काही ठेवत नाहीत, तेही मान्य. पण २०२३ मध्ये भातजमिनी बिगरशेतकऱ्यांना विकण्यावर निर्बंध आणणारा कायदा आला तेव्हा टाळ्या वाजवणारे आपणच ना? विकलं नाही म्हणजे कसलं असं थोडंच होतं.

सकाळचा राग आता जरा उतरलाय. त्या गृहस्थांचंही वय झालंय, मुलगा परदेशात, चिखलात उतरणार कोण. खरं सांगायचं तर मामाच्या वाड्यावरही आता बांध घालायला चार माणसं जमत नाहीत. मामा फोनवर हे सांगतो तेव्हा मला धड उत्तर देता येत नाही.

तरीही. ज्यांची शेतं पडीक आहेत त्यांनी मेसेज करा. सरदाची, म्हणजे पावसाळी भाताची, लावणी साधली नाही तर वायंगण आहे, पाऊस सरायच्या आत माणसं शोधू, यंत्र भाड्याने घेऊ, लेखी काय करायचं ते वकिलाला विचारून करू. आणि कमेंटमध्ये मला कर्नाटकाचा माज समजावायला येणाऱ्यांनी आधी काल रात्री ताटात काय होतं आणि ते कुठून आलं ते लिहावं.