गिटारचे जुने सुटे भाग आणि ‘बुडवा, पुसा, फवारा’ हा सल्ला

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील वाजवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतो आहे. जुन्या गिटारचे धातूचे सर्व भाग रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा, प्लास्टिकचे भाग थिनरने पुसा, मग सगळ्यांवर एकाच डब्यातला रंगाचा स्प्रे मारा, म्हणजे एका दिवसात गिटार नवी होते, असे त्यात म्हटले आहे. बेळगावच्या टिळकवाडीत गिटार दुरुस्त करताना या सल्ल्याने बिघडलेले भाग मला पाहावे लागतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

‘धातूचे सर्व भाग’ म्हणताना ते एकाच धातूचे आहेत असे गृहीत धरले आहे. स्क्रू पोलादाचे असतात. तारा पिळून सूर लावायच्या चाव्यांची घरे आणि अनेक ब्रिज (गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात तो भाग) मात्र जस्ताच्या ओतकामाचे असून त्यांवर तांबे, निकेल आणि क्रोमचे पातळ थर असतात. व्हिनेगरमधले आम्ल पोलादावरचा गंज काढते, त्यामुळे स्क्रू दोन-तीन तास बुडवून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुऊन, पुसून तेलाचे बोट फिरवायला हरकत नाही. जस्तावर मात्र तेच आम्ल मुलामा फुटलेल्या ठिकाणाहून आत शिरते, खालचा धातू खाते आणि मुलाम्याचे पोपडे निघतात. लोहचुंबक घट्ट चिकटला तरच तो भाग पोलादाचा समजावा. क्रोमवर गंजाचे बारीक ठिपके असतील, तर ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलके घासणे पुरते.

थिनरचा सल्ला तर सरळ हानिकारक आहे. पिकगार्ड (गिटारच्या अंगावर ओरखडे पडू नयेत म्हणून बसवलेली पट्टी) आणि आवाजाचे नॉब बहुधा एबीएस, पीव्हीसी किंवा जुन्या काळी सेल्युलॉइड या प्लास्टिकचे असतात, आणि थिनरमुळे एबीएस व सेल्युलॉइडचा पृष्ठभाग विरघळून चिकट होतो, त्यात बोटाचा ठसाही कायमचा उमटतो. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारचे १९५९ ते १९६४ या काळातले अनेक पिकगार्ड सेल्युलॉइडचे आहेत. वयाने आलेली त्यांची हिरवट झाक संग्राहक मुद्दाम शोधतात. अंगठ्याने जोरात घासून वास घ्यावा, कापराचा आला तर ते सेल्युलॉइड. ते झटकन पेट घेते, म्हणून त्यावर पॉलिशचे यंत्र चालवू नये. कोमट साबणपाणी आणि मऊ फडके एवढेच वापरावे.

एकच रंग सगळीकडे चालतो, हे विधान सर्वांत महागात पडते. गुळगुळीत क्रोमवर रंग धरत नाही. आधी ४०० आणि मग ६०० नंबरच्या पॉलिशपेपरने चकाकी घालवावी लागते, धातूला धरणारा प्राइमर द्यावा लागतो आणि नंतर रंगाचे पातळ हात द्यावे लागतात. प्लास्टिकला वेगळा प्राइमर लागतो. चावीच्या दांड्याला व गिअरला, तसेच ब्रिजवर तारा टेकतात त्या सॅडलच्या खाचांना रंग लागता कामा नये. त्याहून महत्त्वाचा मुद्दा अर्थिंगचा आहे, आणि संदेशात त्याचा उल्लेखही नाही. इलेक्ट्रिक गिटारमध्ये अर्थची विजेची तार ब्रिजला टेकते आणि ती जोडणी ब्रिजमधून वाजवायच्या तारांपर्यंत जाते. मध्ये रंगाचा थर आला की ही वाट तुटते आणि तारांना हात लावल्यावर एरवी कमी होणारी घुरघुर तशीच राहते.

‘एका दिवसात’ हेही खरे नाही. हाताला कोरडा लागलेला रंग आतून घट्ट व्हायला बरेच दिवस लागतात. त्यातून आपल्याकडच्या पावसाळ्यात लॅकर फवारले, तर द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग पांढुरका पडतो.

खानापूरच्या एका विद्यार्थ्याने ब्रिजला खालीवर काळा स्प्रे मारलेली टेलिकास्टर (फेंडरचीच आणखी एक इलेक्ट्रिक गिटार) पद्धतीची गिटार आणली होती. तारांना हात लावला तरी घुरघुर तशीच राहत होती, आणि जोडणी सलग असेल तर बीप देणाऱ्या मल्टिमीटरचे एक टोक ब्रिजला व दुसरे केबल खोचायच्या जॅकला लावले असता बीप येत नव्हता. ब्रिज उचलून अर्थची तार दाबली जाते तेथील नखाएवढा रंग आणि सॅडलच्या खाचांतला रंग खरवडला, तेव्हा बीप आला आणि घुरघुर थांबली. पिकगार्डवर थिनरने उमटलेला अंगठ्याचा ठसा मात्र मला काढता आला नाही.