इटलीत ११ नंतर कॅपुचिनो मागितला तर कोणी हाकलून देत नाही

"इटलीला जाताय? मग कॉफीचे हे नियम पाळा, नाहीतर चारचौघांत अपमान होईल" असा एक मेसेज सध्या जिकडेतिकडे फिरतोय. त्यात काय काय आहे बघा: सकाळी ११ नंतर कॅपुचिनो मागितला तर देत नाहीत, टेबलावर बसलात तर लुबाडतात, एस्प्रेसोत (छोट्या कपातली बिनदुधाची कडक कॉफी) कॅफिन सगळ्यात जास्त, ही शेकडो वर्षांची परंपरा, युनेस्कोने तिला जागतिक वारसा ठरवलंय, स्टारबक्सला तिथे बंदी आहे आणि इटालियन माणूस शंभर टक्के अरेबिकाशिवाय (कॉफीच्या बियांची सौम्य चवीची जात) दुसरं काही पीतच नाही. मी नोकरीमुळे उत्तर इटलीतल्या तुरीनला राहतो, कामावर जाताना रोज बारच्या (इथे कॉफीच्या दुकानाला बारच म्हणतात) काउंटरवर उभा राहून कॉफी घेतो, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

आधी कॅपुचिनो. नकार वगैरे कोणी देत नाही, दुपारी ४ ला मागा, रात्री ९ ला मागा, बनवून देतात. खरी गोष्ट एवढीच आहे की कॅपुचिनो हा तिथे नाश्त्याचा भाग आहे, सोबत एखादा कॉर्नेत्तो म्हणजे आपण ज्याला क्रोसाँ म्हणतो तसा गोड प्रकार, झाला नाश्ता. आणि जेवण झाल्यावर पोटभर दूध पिणं त्यांना जड वाटतं, म्हणून जेवणानंतर ते साधी एस्प्रेसो घेतात. अडचण घड्याळाची नाही, जेवणाची आहे. थंडीत संध्याकाळी ५ वाजता केकबरोबर कॅपुचिनो घेणाऱ्या इथल्याच आज्ज्या मी बघतो, त्यांना कोणी काही बोलत नाही. फार तर पास्ता खाता खाता कॅपुचिनो मागवलात तर शेजारच्या टेबलावरचा जरा बघेल, बास. हे मी एवढं तावातावाने लिहितोय कारण आपल्याकडचे काकाकाकू आयुष्यात पहिल्यांदा युरोप टूरला येतात आणि असले मेसेज वाचून दुपारी नको असलेली काळी कडू कॉफी मुकाट पितात. कशाला? दुधाची आवडते ना, मग मागा की बिनधास्त.

आता टेबलाचे पैसे. काउंटरवर उभं राहून पिण्याचा भाव वेगळा आणि टेबलावर बसून पिण्याचा वेगळा, हे खरंय, पण ती फसवणूक नाही, दोन्ही भाव दरपत्रकात लिहिलेले असतात आणि ते दरपत्रक लावणं बारला बंधनकारक आहे. साध्या गल्लीतल्या बारमध्ये काउंटरवरची एस्प्रेसो साधारण सव्वा युरोच्या आसपास मिळते, छोट्या गावात तर बसलात तरी बऱ्याचदा तेवढेच घेतात. व्हेनिसच्या सान मार्को चौकातलं फ्लोरियान १७२० पासूनचं कॅफे आहे, तिथे बाहेर बसलात तर कॉफीचे भरपूर पैसे पडतात आणि वाद्यवृंद चालू असेल तर संगीताचे वेगळे लावतात, पण तेही मेनूत छापलेलं असतं. उभं राहून पिण्याची मजा मात्र एकदा तरी घ्याच. तुम्ही ऑर्डर सांगितली की बारिस्ता, म्हणजे कॉफी बनवणारा, आधी तुमच्यासमोर बशी आणि चमचा मांडतो, म्हणजे तुमचा नंबर लागला, मग मागे वळून जुना चोथा ठोकून काढतो, ताजी पूड दाबून मशीनला अडकवतो आणि अर्ध्या मिनिटात कप त्या बशीत येतो. दोन-तीन घोटांत संपवायचा, कारण थांबलात तर वरचा फेस बसतो आणि चव उतरते. स्टेशनवर किंवा गर्दीच्या बारमध्ये आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती काउंटरवर द्यावी लागते, इतर ठिकाणी पिऊन झाल्यावर दिले तरी चालतात.

कॅफिनचं गणित सरळ चुकलंय. एका एस्प्रेसोत साधारण ७ ग्रॅम पूड आणि २५-३० मिली कॉफी असते, कॅफिन ६०-७० मिलिग्रॅमच्या आसपास. फिल्टर कॉफीचा अमेरिकन पद्धतीचा मोठा मग घेतलात तर त्यात ९०च्या वर जातं. थेंबाला थेंब लावला तर एस्प्रेसो कडक, पण माणूस पितो तो अख्खा कप ना!

शेकडो वर्षांची परंपरा म्हणाल तर कॉफीहाऊस जुनी आहेत, एस्प्रेसो नाही. वाफेवरच्या यंत्राचं पहिलं पेटंट आमच्या तुरीनच्या आंजेलो मोरिओन्दोने १८८४ ला घेतलं, मिलानच्या लुइजी बेत्सेराने १९०१ ला ते सुधारलं, पण वर दाट फेस येणारी आजची एस्प्रेसो दुसऱ्या महायुद्धानंतर आकीले गाजियाच्या दांड्याच्या मशीनमधून आली. घराघरातला मोकापॉट, म्हणजे शेगडीवर ठेवून कॉफी करायचं भांडं, तोसुद्धा १९३३ चा.

युनेस्कोच्या यादीत तुर्की कॉफी २०१३ ला आणि अरबी कॉफी २०१५ ला आली. इटालियन एस्प्रेसो नाही, २०२२ ला प्रयत्न झाला होता पण इटलीने त्या वेळी ऑपेरा गायन पुढे पाठवलं. स्टारबक्सवर बंदी हेही खोटं, २०१८ पासून मिलानच्या कोर्दुझियो चौकात जुन्या पोस्टाच्या इमारतीत त्यांचं भलंमोठं दुकान चालू आहे.

राहिला अरेबिकाचा मुद्दा, आणि मला सगळ्यात जास्त खटकला तो हाच, कारण त्यात अख्खा दक्षिण इटली पुसला जातो. नेपल्सची कॉफी दाट, कडक आणि काळपट भाजलेली, तिच्या मिश्रणात रोबस्टा, म्हणजे कॉफीची दुसरी, जास्त कडक जात, सर्रास असते, तिच्यामुळेच तो जाड फेस येतो. सोबत पाण्याचा ग्लास देतात तो कॉफीच्या आधी प्यायचा. तिथेच सोस्पेसोची पद्धत आहे, म्हणजे आपण एक कॉफी प्यायची आणि पैसे दोनचे द्यायचे, दुसरी नंतर येणाऱ्या कुणा गरजूसाठी. खाली लेच्चेला उन्हाळ्यात बर्फ आणि बदामाचं दूध घालून पितात, सिसिलीत कॉफीचा ग्रानिता (चुरलेल्या बर्फासारखा गार प्रकार) ब्रियोश नावाच्या गोडसर पावासोबत चक्क नाश्त्याला, वर त्रिएस्तेला ऑर्डर द्यायचे शब्दच निराळे, आणि आमच्याकडे तुरीनला बिचेरिन, छोट्या काचेच्या ग्लासात चॉकलेट, कॉफी आणि क्रीमचे थर, न ढवळता प्यायचे. ह्यातली "खरी इटालियन" कुठली ठरवणार? आणि त्या रोबस्टाचं म्हणाल तर इटली हा भारतीय कॉफीचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक आहे, कूर्ग-चिकमगळूरकडची रोबस्टा इथल्या कितीतरी मिश्रणांत जाते.