‘मोठ्या जर्नलच्या नादी लागू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

एमईच्या प्रबंधांचे आणि पीएचडीच्या प्रगती अहवालांचे दिवस जवळ आले की इंजिनिअरिंग कॉलेजांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच. कॉम्प्युटर नेटवर्किंगच्या मोठ्या जर्नलना, म्हणजे संशोधनाच्या नियतकालिकांना, पेपर पाठवण्यात आपल्यासारख्यांनी वेळ घालवू नये. तिथं वशिला लागतो, भरमसाट पैसे लागतात, उत्तर यायला वर्ष जातं, परदेशासारखी लॅब नसेल तर पेपर दारातूनच परत येतो. त्यापेक्षा एकच पेपर चार ठिकाणी टाका, जिथं आधी होईल तिथं छापा. जर्नल ‘स्कोपस’ या जर्नलांच्या सूचीत आहे ना, एवढं बघा. स्कोपस असलं की झालं. पीएचडीला पेपर सक्तीचाच आहे, तेव्हा घाई करा. आणि सगळ्यात खाली कुठल्यातरी जर्नलचं नाव, फी आणि ‘सात दिवसांत ॲक्सेप्टन्स’.

विद्यार्थी हा मेसेज मला पुढे पाठवतात आणि विचारतात, ‘सर, खरं आहे का?’ मी या विषयात शिकवतो, जर्नलांकडे आलेले पेपर छापण्याआधी परीक्षक म्हणून तपासतो. या मेसेजवर विश्वास ठेवून चांगली मुलं आपलं दीड-दोन वर्षांचं काम नको तिथं देऊन मोकळी होतात, आणि ते मला बघवत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘वशिला लागतो.’ यात तथ्याचा एक अंश आहे, तो आधी मान्य करतो. अनेक जर्नलांमध्ये परीक्षकाला लेखकाचं नाव आणि संस्था दिसते. त्याचा परिणाम होतो का, हे २०१७ साली वेब सर्च आणि डेटा मायनिंगवरच्या डब्ल्यूएसडीएम परिषदेत तपासून पाहिलं गेलं. प्रत्येक पेपर काही परीक्षकांना नावांसकट दिला, काहींना नावं झाकून. नावं दिसत होती त्या परीक्षकांनी नामवंत लेखकांच्या आणि मोठ्या विद्यापीठांच्या पेपरांना जास्त झुकतं माप दिलं. तेव्हा नावाचं वजन पडतं, हे खरं.

पण नावाचं वजन पडणं वेगळं आणि वशिल्याशिवाय काम न होणं वेगळं. एसीएम या कॉम्प्युटर क्षेत्रातल्या संघटनेच्या, नेटवर्किंगवरच्या सिगकॉम परिषदेत परीक्षकाला लेखकाचं नाव दिसतच नाही. जर्नलांमध्येही लेखकाचा सहकारी, त्याच्याच संस्थेतला माणूस किंवा त्याचा जुना गाइड परीक्षक होऊ नये असे नियम असतात. परीक्षक दोन-तीन असतात, ते एकमेकांना ओळखतीलच असं नाही, आणि प्रत्येकाला आपलं म्हणणं लिहून द्यावं लागतं. एखाद्या परीक्षकाचा आक्षेप चुकीचा असेल तर संपादकाला तसं सभ्य शब्दांत, पुराव्यासह लिहिता येतं. या अधिकाराबद्दल आपल्याकडे मुलांना कुणी सांगतच नाही.

‘पैसे भरल्याशिवाय छापत नाहीत.’ हे सरळ चूक आहे. नेटवर्किंगमधली बरीच जुनी आणि मानाची जर्नलं अशी आहेत की वाचणारा, म्हणजे त्याची लायब्ररी, पैसे भरते. लेखकानं ओपन ॲक्सेस (पेपर सगळ्यांना फुकट वाचायला खुला) निवडला नाही तर छपाईसाठी त्याला काही द्यावं लागत नाही. एल्सेव्हियर या प्रकाशकाचं ‘कॉम्प्युटर नेटवर्क्स’ असं आहे, आयईईई या इंजिनिअरांच्या संघटनेचं ‘ट्रान्झॅक्शन्स ऑन नेटवर्किंग’ही असंच. ठरावीक पानांपेक्षा पेपर लांबला तर जादा पानांचे पैसे आयईईईची अनेक जर्नलं घेतात, तेवढं पाठवण्याआधी वाचून घ्यावं. २०१३ पासून निघणारं ‘आयईईई ॲक्सेस’ मात्र पूर्ण ओपन ॲक्सेस आहे आणि तिथं लेखकाला फी भरावी लागते. म्हणून ते खोटं ठरत नाही. फी आहे की नाही यापेक्षा ती कधी मागतात ते बघा. परीक्षण होऊन पेपर स्वीकारला गेल्यावर मागत असतील तर एक गोष्ट, आणि पेपर कुणी वाचण्याआधीच क्यूआर कोड पाठवत असतील तर दुसरी.

मोठ्या जर्नलमधलं आधीचं काम वाचायलाच मिळत नाही, मग तिथं पाठवायचं कसं, ही तक्रार पूर्वी रास्त होती. केंद्र सरकारनं २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नलं. एल्सेव्हियर, आयईईई, स्प्रिंगर नेचर, वायली त्यात आहेत. तुमचं सरकारी कॉलेज किंवा विद्यापीठ यात येत असेल आणि तरी जर्नल उघडत नसेल, तर ग्रंथपालांकडे जाऊन लॉगिन मागा. खासगी कॉलेजातल्या मुलांनी आर्काइव्ह (arXiv) या पेपर खुले ठेवणाऱ्या साइटवर बघावं. तिथं नेटवर्किंगचा स्वतंत्र विभाग आहे आणि चांगल्या लेखकांचे पेपर फुकट वाचता येतात.

‘सात दिवसांत होतं, मग वर्षभर कशाला थांबायचं?’ मोठ्या जर्नलला वेळ लागतो, हे खरंच आहे. पहिलं उत्तर यायला काही महिने जातात, मग सुधारणा, मग पुन्हा परीक्षण. ज्याची शिष्यवृत्ती संपत आली आहे त्याला ही वाट जड जाते. पण सात दिवसांत काय होऊ शकतं याचा विचार करा. नेटवर्किंगचा पेपर नीट वाचायचा तर परीक्षकाला टोपॉलॉजी (नेटवर्कची जोडणी), ट्रॅफिकचं मॉडेल, तुलनेचे प्रोटोकॉल, आलेखांवरचे आकडे, सगळं पडताळावं लागतं. तो हे काम आपलं शिकवणं सांभाळून, बिनपैशानं करतो. असे दोन-तीन परीक्षक शोधायचे, त्यांचा होकार मिळवायचा आणि त्यांच्याकडून लेखी मत घ्यायचं, हे आठवड्यात होत नाही. सात दिवसांत होकार येतो तेव्हा पेपर कुणी वाचलेला नसतो.

याचा पुरावा आमच्याच क्षेत्रातला आहे. २००५ साली एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी सायजेन नावाचा प्रोग्राम लिहिला. तो कॉम्प्युटर सायन्सचा अर्थहीन पेपर आपोआप तयार करतो, आलेखांसकट. ॲक्सेस पॉइंटचं नाव शीर्षकात असलेला असा एक पेपर त्यांनी डब्ल्यूएमएससीआय या परिषदेला पाठवला आणि तो परीक्षण न होताच स्वीकारला गेला. २०१४ साली स्प्रिंगर आणि आयईईईला आपल्या संग्रहांतून असे १२० हून अधिक पेपर काढून टाकावे लागले. ते बहुतेक परिषदांच्या कार्यवृत्तांतले होते. म्हणून कुठल्याही हॉटेलात भरलेल्या परिषदेच्या पत्रकावर आयईईईचं चिन्ह दिसलं की ती आणि आयईईईचं ट्रान्झॅक्शन्स एकाच तोलाचे, असं समजू नका.

‘लॅब नाही, तर पेपर नाही.’ मेसेजमधला हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण मुलं यावर मनापासून विश्वास ठेवतात. पेपर परत येतो तेव्हा त्यांना वाटतं, आपल्याकडे सिस्कोचे राउटर नाहीत म्हणून परत आला. मी जे पेपर नाकारण्याची शिफारस केली आहे त्यात असं कारण मी कधीही लिहिलेलं नाही. कारणं दुसरीच असतात.

आपल्याकडचा नेहमीचा पेपर डोळ्यांपुढे आणा. मोबाइल ॲड हॉक नेटवर्क, म्हणजे टॉवरशिवाय एकमेकांशी थेट जोडलेली फिरती उपकरणं, त्यांत वाट शोधणाऱ्या एओडीव्ही प्रोटोकॉलमध्ये थोडा बदल, एनएस-२ या सिम्युलेटरवर ५० नोड (उपकरणं), रँडम वेपॉइंट पद्धतीनं फिरणारे. एक रन, चार आलेख, चारही आलेखांत आपली रेघ वर. परीक्षकाचा पहिला प्रश्न असा येतो की दुसऱ्या सीडवर, म्हणजे यादृच्छिक आकड्यांची सुरुवात बदलून, हीच रेघ वर राहते का? किती रन घेतले, कॉन्फिडन्स इंटरव्हल (आकडा किती वरखाली होऊ शकतो ती मर्यादा) कुठं आहे? त्याचं उत्तर पेपरात नसतं.

रँडम वेपॉइंटमध्ये तर याहून खोल अडचण आहे. प्रत्येक नोड नकाशावर एक ठिकाण निवडतो, शून्य आणि कमाल वेगाच्या मधला कुठलाही वेग घेतो आणि तिकडे निघतो. ज्याच्या वाट्याला अगदी कमी वेग आला तो पोचायला फार वेळ घेतो, म्हणजे त्या संथ वेगातच अडकून राहतो. वेगवान नोड पटकन पोचून नवा वेग घेतात आणि त्यातलेही काही संथ होतात. जसजसं सिम्युलेशन पुढे जातं तसतसे संथ नोड साठत जातात आणि सरासरी वेग घसरत राहतो, स्थिरावतच नाही. कमाल वेग सेकंदाला २० मीटर ठेवला की सरासरी १० येईल असं आपण धरतो, पण ती तिथं टिकत नाही. म्हणजे वेगवान नेटवर्कसाठी म्हणून काढलेला निष्कर्ष प्रत्यक्षात जवळजवळ थांबलेल्या नेटवर्कवरचा असू शकतो. हा दोष २००३ च्या इन्फोकॉम परिषदेत दाखवून दिला गेला. उपायही साधा आहे: किमान वेग शून्याच्या वर ठेवा आणि सुरुवातीचा काळ मोजणीतून वगळा. याला एक पैसा लागत नाही. तरी आपल्या प्रयोगशाळांमध्ये जुनी स्क्रिप्ट एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे तशीच जाते.

हा रोग फक्त आपला नाही. अशाच ॲड हॉक नेटवर्कवरच्या मोबीहॉक परिषदेत २००० ते २००५ या काळात आलेले पेपर २००५ मध्ये तपासले गेले. तीन-चतुर्थांश पेपर सिम्युलेशनवर उभे होते आणि पुन्हा करून पाहता येतील असे १५ टक्क्यांहून कमी निघाले. लॅब भारी असूनही.

साधनांचं म्हणाल तर लॅपटॉपवर नेटवर्क उभं करायला एनएस-३ आणि मिनीनेट, पॅकेटं (डेटाचे तुकडे) तपासायला वायरशार्क, आणि लिनक्स, हे सगळं फुकट आहे. ओरेगॉन विद्यापीठाच्या राउटव्ह्यूज प्रकल्पातून बीजीपीचे, म्हणजे इंटरनेटवरची नेटवर्क एकमेकांना वाटा कळवतात त्या प्रोटोकॉलचे, खरे तक्ते मिळतात, जपानच्या वाइड प्रकल्पातून खऱ्या ट्रॅफिकच्या नोंदी. रायप ॲटलस या इंटरनेट मोजणाऱ्या प्रकल्पाचा छोटा प्रोब (मोजमापाचं उपकरण) कॉलेजात लावला तर जगभरच्या प्रोबांवरून मोजमाप करायला क्रेडिट मिळतात. सुरतकलच्या एनआयटीकेमधल्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांच्या गटानं एफक्यू-पाय हा रांगा सांभाळणारा अल्गोरिदम लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) घातला. २०२० च्या ५.६ आवृत्तीपासून तो तिथं आहे. राउटरमध्ये पॅकेटांच्या रांगा तुंबल्यामुळे होणारा उशीर आटोक्यात ठेवणं हे त्याचं काम. एनआयटीची साधनं आपल्यापेक्षा बरी असतील, मान्य. पण कर्नलमध्ये कोड लिहून तपासायला लॅपटॉप पुरतो.

शिवाय आपल्याकडे असं काही आहे जे बड्या लॅबपाशी नाही. गडचिरोलीत किंवा चिपळूणमध्ये एका ऑपरेटरच्या ग्राहकाकडून दुसऱ्या ऑपरेटरच्या ग्राहकाकडे, त्याच गावात, पॅकेट जातं तेव्हा ते मुंबईपर्यंत जाऊन परत येतं का? पावसाळ्यात किती वेळा वाट बदलते? हे मोजायला गावात राहणारा माणूस, ट्रेसराउट ही पॅकेटची वाट दाखवणारी कमांड आणि सहा महिन्यांची चिकाटी लागते. अशा नीट मोजलेल्या आकड्यांचा पेपर मला परीक्षणाला आला तर मी तो आनंदानं वाचेन. एओडीव्हीची आणखी एक सुधारणा वाचताना तो आनंद होत नाही.

‘एकच पेपर चार ठिकाणी टाका.’ यावर फार बोलायचं नाही. आमचा पेपर दुसरीकडे विचाराधीन नाही, असं पोर्टलवर टिक करून तुम्ही लेखी सांगता. परीक्षक मोजकेच असतात, एकच पेपर दोन जर्नलांकडून एकाच माणसाकडे जाणं अजिबात दुर्मीळ नाही. मग दोन्हीकडून परत येतो आणि गाइडचं नावही खराब होतं. आधी परिषदेत आणि मग वाढवून जर्नलमध्ये, हा मात्र सरळ मार्ग आहे. श्रीधर आणि आयआयटी मुंबईत शिकलेले जॉर्ज व्हर्गीस यांचा डेफिसिट राउंड रॉबिन हा पॅकेटांच्या रांगांना पाळीपाळीनं वाट देणारा अल्गोरिदम १९९५ च्या सिगकॉममध्ये आला आणि १९९६ मध्ये ट्रान्झॅक्शन्स ऑन नेटवर्किंगमध्ये. परिषदेतल्या पेपराचा स्पष्ट उल्लेख करायचा, नवं काय घातलं ते कव्हर लेटरमध्ये लिहायचं. ‘निदान ३० टक्के नवीन’ असा दंडक अनेक ठिकाणी सांगतात. वाक्यं फिरवून तो पुरा होत नाही, नवा प्रयोग किंवा नवी सिद्धता लागते. आर्काइव्हवर आधी ठेवलेला पेपर आयईईई, एसीएम, एल्सेव्हियर यांना चालतो.

‘स्कोपस असलं की झालं.’ स्कोपसमधून जर्नलं काढूनही टाकतात आणि काढलेल्यांची यादी स्कोपस स्वतः प्रसिद्ध करतं. पैसे घेऊन पेपर छापून देणारा एजंट जुन्या वर्षाचा स्क्रीनशॉट दाखवतो. यूजीसीनं मे २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून ४,३०५ जर्नलं एका फटक्यात वगळली. त्यानंतर आणलेली केअर ही जर्नलांची नवी यादीही २०२५ मध्ये बंद केली. त्या-त्या वेळी यादीत आहे म्हणून पैसे भरून छापलेले पेपर आज मुलाखतीत विचारात घेतले जातीलच असं नाही. खऱ्या जर्नलच्या नावाची नक्कल करून काढलेल्या वेबसाइटही असतात. आता तर अधिक जपायला हवं, कारण १९९३ पासून ‘आयईईई/एसीएम ट्रान्झॅक्शन्स ऑन नेटवर्किंग’ या नावानं निघणारं जर्नल २०२५ पासून एकट्या आयईईईचं झालं आहे, आणि एसीएमनं २०२३ पासून नेटवर्किंगचं स्वतःचं वेगळं जर्नल सुरू केलं आहे. या नावांच्या गोंधळात कुणी तिसरीच लिंक पाठवली तर तिच्यावरून जाऊ नका. प्रकाशकाच्या मूळ साइटवरून जर्नलपर्यंत पोचा, संपादक मंडळातली दोन नावं घ्या आणि त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर या जर्नलचा उल्लेख आहे का ते पाहा.

आणि पीएचडीला पेपर सक्तीचा आहे म्हणून घाई, असं मेसेज म्हणतो. यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत प्रबंध देण्याआधी जर्नलमध्ये पेपर छापण्याची सक्ती राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठानं आपल्या पातळीवर ती ठेवली असेल तर तसा लेखी ठराव मागून घ्या. त्यात ‘छापलेला’ म्हटलंय की ‘स्वीकारलेला’, आणि मुदत किती, हे वाचा. मगच कुठं पाठवायचं ते गाइडशी बोलून ठरवा.