ताई, मोर छान आहे, पण...

घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायचे दिवस गेले. त्यात हात भाजतात. आता भाकऱ्या दुसऱ्याने भाजायच्या आणि आपण लांबून ‘करपतेय’ म्हणून ओरडायचं. तुम्ही नाशिककर आहात, हातात फोन आहे आणि देशाची काळजी तुम्हाला सकाळच्या चहाआधीच लागते. एवढं भांडवल पुष्कळ झालं. काम एकच: ज्याच्या हातात कसब आहे, त्याला ‘ते देशासाठी का वापरत नाही?’ म्हणून टोचायचं.

मोठ्या कलावंतांच्या नादी लागू नका, ते उत्तर देत नाहीत. सोसायटीचा ग्रुप उघडा. पंचवटीतल्या एखाद्या ताई पाडव्याला दारात मोर काढतात. पहाटे साडेचारला उठून आधी गेरू सारवलेला, मग ठिपके, मग पिसाऱ्यातला एकेक डोळा चिमटीने भरलेला. शेवटचं पीस भरेपर्यंत पाठीत उसण भरलेली. एवढं करून सव्वाआठला फोटो येतो. खाली ‘अप्रतिम’, ‘सुरेख’, एका आजोबांचं चुकून गेलेलं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. आठ-वीसला तुम्ही लिहा: “ताई, मोर छान आहे. पण हे कसब मोरावर खर्च करायची ही वेळ आहे का?”

वेळ कसली, ते सांगू नका. ताईंनी विचारलंच, तर “हे विचारावं लागतंय यातच सगळं आलं” असं लिहून दोन दिवस गप्प बसा. माणूस त्या दोन दिवसांत आपोआप खचतो.

ताई भल्या असतील तर पुढच्या सणाला खरंच विषय घेतील. सिंहस्थ कुंभमेळ्यात साधूंच्या मुक्कामाला साधुग्राम हवं, त्यासाठी तपोवनातली झाडं तोडायची म्हणून गावात केवढं रान उठलं, ते त्यांनीही वाचलेलं असतं. त्या झाड काढतील, शेजारी कुऱ्हाड काढतील. इथे कौतुकाने घसरू नका. आधी “आत्ता जाग आली का?” आणि मग “पानं फार हिरवी झालीत, वेदना दिसत नाही.” त्यानंतर ताई रांगोळी काढतील, पण फोटो टाकणार नाहीत. याला म्हणतात यश.

गोदाघाटावर बसून जलरंगात चित्र काढणारे तर हक्काचे. पाणी स्वच्छ रंगवलं की विचारा, पाणवेली कुठे गेल्या? पाणवेली रंगवल्या की विचारा, रामकुंडाची बदनामी करून काय मिळवलंत? लग्नाचे फोटो काढणारा, केक करणारी, ढोल पथकातली पोरं, सगळ्यांना थोडं थोडं टोचत राहा. तबला शिकवणाऱ्या सरांनी नेमकं काय करावं हे मला अजून सुचलेलं नाही, पण म्हणून त्यांना सोडू नका.

इतिहास मात्र हाताशी ठेवा, आपल्या गावात तो रगड आहे. म्हणा, कवी गोविंद पायांनी अधू होते, तरी सावरकरांच्या मित्रमेळा या क्रांतिकारी संघटनेसाठी कवनं रचली. आणि तुम्ही धडधाकट असून भावगीतं म्हणता? बिनतोड आहे. फक्त कवनांपाशीच थांबा. ती छापल्याबद्दल बाबाराव सावरकरांना 1909 साली जन्मठेप होऊन काळ्या पाण्यावर जावं लागलं, हा पुढचा भाग सांगितलात तर समोरचा विचारेल, “मग मी आत गेलो तर माझे क्लास कोण घेणार?” याचं उत्तर आपल्यापाशी नाही. काळाराम मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या सत्याग्रहाचंही तसंच. 2 मार्च 1930 ही तारीख फेकायला उत्तम. पण तो सत्याग्रह दादासाहेब गायकवाड आणि बाकीच्यांनी काही वर्षं रेटला, रामनवमीला दगड खाल्ले, हे सांगत बसलात तर लोक तुमच्या कपाळाकडे बघायला लागतात.

निफाड तालुक्यातल्या त्या कांदेवाल्याचं उदाहरण टाळाच. 2018 साली 750 किलो कांद्याचे 1064 रुपये हातात आले, ते त्याने उचलून पंतप्रधानांना मनीऑर्डरने पाठवले. वर मनीऑर्डरचे 54 रुपये पदरचे. त्याने कुणाच्या आवाहनाची वाट पाहिली नाही. धंदा त्याचा, तोटा त्याचा, डोकंही त्याचंच. अशी माणसं वाढली तर तुम्हा-आम्हाला काम काय उरणार?

एक धोका सांगून ठेवतो. कधीतरी कुणीतरी उलट विचारतं, “तुमचं कसब कोणतं?” गडबडू नका. “जनजागृती” म्हणा. या शब्दाला कुणी पावती मागत नाही.

पण नदीपात्रातल्या काँक्रीटपायी वर्षानुवर्षं माहितीच्या अधिकारात अर्ज करणारे एक काका असतात, त्यांच्यापासून जपून. हा माणूस ग्रुपवर कुणालाच टोमणा मारत नाही, तिथेच ओळखा. तुमची रात्रीची नऊ परिच्छेदांची पोस्ट वाचून ते सकाळी खासगीत लिहितात: “तुमचं मराठी टायपिंग झकास आहे हो. माझी हाताने लिहिलेली चाळीस पानं पडून आहेत, सोमवारी वकिलांना द्यायची आहेत. मोतीबिंदूमुळे मला स्क्रीन दिसत नाही. शनिवारी दोन तास याल? चहा माझ्याकडे.”

शनिवारी तुम्हाला गंगापूर रोडला मिसळ खायला जायचं असतं. नाही म्हणणं बरं दिसत नाही. आधी दोन नमस्कार पाठवा, मग एक मूठ, मग झेंडा. थोडं थांबून लिहा: “काका, तुमच्या कार्याला सलाम. लिंक पाठवा, लगेच शेअर करतो.”