एका माझदाचं देहदान

गाडी उकलायला ताकद लागते, हा समज ज्यांनी कधी गाडी उकललेली नाही त्यांचा. ताकद लागते ती मोजक्या चार-सहा बोल्टांना. बाकी सगळं काम कारकुनाचं आहे: पिशव्या, लेबलं, फोटो, आणि कुठली पिशवी कुठल्या खोक्यात गेली याची वही. हे आधी कोणी सांगत नाही. सांगितलं तर इंग्लंडातला निम्मा किटकारचा धंदा बसेल.

किटकारचा कारखानदार तुम्हाला नळ्या जोडून केलेली चासी, फायबरचं थोडंफार अंग आणि पुष्कळ शुभेच्छा देतो. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, ब्रेक, स्टिअरिंग, वायरिंग हे सगळं तुम्ही एका जुन्या गाडीतून काढायचं. ती जुनी गाडी म्हणजे डोनर. इथल्या लोकांना हे वेड लागलं त्यात छंदाइतकाच करचुकवेपणाही आहे, अर्थात कायदेशीर. १९७३ साली व्हॅट येईपर्यंत नव्या गाडीवर परचेस टॅक्स होता आणि सुट्या भागांत विकलेल्या गाडीला तो लागत नसे. १९५७ साली आलेली लोटस सेव्हन लोक खोक्यांतून घरी नेत आणि गॅरेजात जोडत. पुढे तो कर गेला, सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले, पण खोकी घरी आणण्याची खोड काही सुटली नाही.

भारतात हा उद्योग मनातही आणू नका. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ (कारखान्याच्या मूळ नोंदींपेक्षा वेगळे फेरफार करायला मनाई) काढून वाचलंत की हौस आपोआप उतरते. शिवाय आपल्याला गाडी स्वतः उकलायची सवय नाही. ते काम कुर्ल्याला होतं, आणि तिथला माणूस ज्या वेगाने गाडी मोकळी करतो तो पाहिला तर इथला हौशी साहेब पाना खाली ठेवून चहा करायला जाईल. इथे मजुरी परवडत नाही म्हणून लेस्टरमधला मराठी माणूसही शेवटी स्वतःच गाडीखाली शिरतो.

पूर्वी फोर्डच्या एस्कॉर्ट आणि सिएरा उकलत. त्या गंजून आणि उकलून संपल्या. आता पाळी माझदा एमएक्स-५ ची, त्यातही १९८९ ते ९७ मधल्या पहिल्या अवताराची. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, चारी बाजूंना डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन हात), अख्ख्या गाडीचं वजन टनाच्या आत. किटवाल्याला आणखी काय हवं? आणि मुख्य म्हणजे तिचं इंजिन म्हातारं होण्याआधी अंग सडतं. कापडी टपावरचं पावसाचं पाणी ज्या नळ्यांतून खाली जायचं त्या पाल्याने तुंबतात, पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत साठतं आणि मागच्या चाकाजवळ पत्रा आतून खात सुटतं. अशी गाडी वार्षिक तपासणीत नापास होते आणि मालक ती स्वस्तात देऊन टाकतो. म्हणजे गंजलेली डोनर ही चांगली डोनर. फक्त तिच्याखाली जॅक लावताना तो त्या सडक्या पट्टीला लावू नका. गाडी वर जात नाही, जॅक आत जातो.

विकत घेण्याआधी ती चालवून बघा. मेलेली गाडी स्वस्त मिळते, पण दुसरा गिअर कुरकुरतो की नाही, डिफरन्शियल घुं करतं की नाही हे मेलेली गाडी सांगत नाही. सुरुवातीच्या १.६ लिटर इंजिनांत क्रँकशाफ्टचं पुढचं नाक आखूड असे. पुलीचा बोल्ट सैल राहिला तर ते झिजतं आणि सगळं टायमिंग डळमळतं. बोनेट उघडून पुढच्या पुलीच्या खाचा मोजाव्या: चार असतील तर नाक आखूड, आठ असतील तर निर्धास्त. विकणारा तुमच्याकडे बघत राहील. बघू दे.

पाना हातात घेण्याआधी कागद. गाडीचं व्ही५सी, म्हणजे नोंदणीचा कागद, ज्याला इथे लॉगबुक म्हणतात, घरातल्या दागिन्यांच्या शेजारी ठेवा. गाडी रस्त्यावरून काढल्याचं डीव्हीएलएला, म्हणजे इथल्या वाहन नोंदणी खात्याला, कळवा. नाहीतर चाकं, इंजिन आणि दारं काढलेल्या गाडीचा विमा का नाही, असं विचारणारं पत्र येतं. पुढे किटकारला डोनरच्या वयाचा नंबर मिळायचा तर किटवाल्याची नवी चासी आणि डोनरचे निदान दोन मुख्य भाग त्यात आहेत हे दाखवावं लागतं. पुरावा नसेल तर नशिबी ‘क्यू’ने सुरू होणारी पाटी, म्हणजे वय न ठरलेल्या गाडीची, जी बघून जाणकार गाडीकडे न बघता तुमच्याकडे बघतात. म्हणून पहिला फोटो चासी नंबरचा, दुसरा इंजिन नंबरचा, मग बाकीचं प्रेम.

हत्यारांचं एक बरं आहे. जपानी गाडी असल्यामुळे १०, १२, १४, १७, १९ आणि २१ या सहा सॉकेटांत बहुतेक संसार भागतो. सहा मिलिमीटर आट्याच्या बोल्टाचं डोकं १० चं, आठला १२, दहाला १४, बाराला १७. हे एकदा डोक्यात बसलं की हरवलेला बोल्ट नुसत्या पान्यावरून ओळखता येतो. स्टार स्क्रू मात्र फसवे. जपानी खाच आणि आपला नेहमीचा स्क्रूड्रायव्हर दिसायला जुळे भाऊ, पण नेहमीचं टोक त्या खाचेत पुरतं बसत नाही, जोर लावला की वर चढतं आणि खाचेची वाटी होते. जेआयएस, म्हणजे जपानी मापाचा स्क्रूड्रायव्हर घ्या, महाग नसतो. शिवाय ब्रेकच्या पाइपांसाठी तोंड फाटलेला दहाचा फ्लेअर पाना, बॉल जॉइंट उखडायचं यंत्र, लांब दांडा, चार भक्कम स्टँड आणि इंजिन उचलायची क्रेन. क्रेन भाड्याने मिळते. भाडं आठवड्याचं भरा, एका दिवसाचं भरणारे आशावादी असतात.

मग पातळ पदार्थ. इंजिन ऑइल साडेतीन लिटरच्या आसपास, कूलंट सहा, गिअरबॉक्सचं तेल दोन, डिफरन्शियलचं लिटरभर किंवा कमी. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं आधी भरायचं बूच सैल करून बघा, मग रिकामं करायचं. उलट केलंत आणि वरचं बूच अडलं तर रिकामा गिअरबॉक्स हाती राहतो, भरायला तोंड नाही. तेल काढल्याशिवाय प्रॉपशाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागे जाणारा फिरता दांडा, मागे ओढू नका. तो गिअरबॉक्सच्या शेपटीतून सुटतो आणि त्यामागोमाग तेल सुटतं, बरोबर तुमच्या बाहीत. कूलंट विषारी असतं, मांजरं चाटतात आणि मरतात, तेव्हा परात उघडी ठेवू नका. पेट्रोलची लाइन सोडण्याआधी पंपाचा रिले काढून इंजिन बंद पडेस्तोवर चालवायचं, म्हणजे दाब उतरतो. त्यानंतर बॅटरी सोडायची. ती डिक्कीत असते; बोनेटखाली शोधत बसू नका.

आतलं सामान, म्हणजे खुर्च्या, कार्पेट, दारं, टप, एका दमात निघतं आणि त्यामुळेच माणूस बहकतो. पहिल्या संध्याकाळी निम्मी गाडी अंगणात पसरलेली बघून वाटतं, झालंच की! झालेलं काहीच नसतं. जे निघालं ते तुम्हाला नको असलेलं. एक वस्तू मात्र जपायची, स्टिअरिंग कॉलम. धडकेत आत मिटणारा हा कॉलम आयव्हीए तपासणीत, म्हणजे घरी जोडलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधीच्या सरकारी तपासणीत, उपयोगी पडतो. त्याचे वरचे ब्रॅकेट, चावीचं कुलूप आणि दिव्यांच्या दांड्या सगळं एकत्रच काढा. खालच्या सांध्याचा बोल्ट नुसता सैल करून कॉलम ओढणारे पुष्कळ. शाफ्टला तिथे खाच असते आणि बोल्ट तिच्यात आडवा बसलेला असतो. तो पूर्ण बाहेर आल्याशिवाय भीमालाही ते सुटायचं नाही.

आता वायरिंग. डॅशबोर्ड निघाला की जे दिसतं ते संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तारेवर लटकणाऱ्या मांज्यापेक्षा वेगळं नसतं. इथे माणसाला कटर आठवतो. कटर शेजाऱ्याकडे ठेवायला द्या. एकही वायर न कापता अख्खं जाळं बाहेर काढायचं. प्रत्येक जोडाच्या दोन्ही तोंडांना लेबल, जोड सोडण्याच्या आधी. मास्किंग टेप वापरू नका, इथल्या दमट गॅरेजात तिचा डिंक सुटतो आणि वसंतात जमिनीवर नुसती नावं सापडतात. दोरीची जाड कागदी लेबलं आणि पेन्सिल घ्या. मार्करची शाई ब्रेक क्लीनरने जाते, पेन्सिल राहते. आणि लेबलावर काय लिहायचं? ‘डावं वरचं’ हे काही लिहिणं नव्हे. नव्या गाडीला ते डावं वरचं असणारच नाही. ‘रेडिएटर पंखा, रिलेकडचं टोक’ असं लिहा. ‘हे महत्त्वाचं!!’ अशी लेबलंही आढळतात. त्यांनी काहीही साधत नाही, फक्त महिन्यांनी चिंता वाढते.

मॅन्युअलमध्ये प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक वाक्य असतं की बसवताना हाच क्रम उलटा करावा. त्यांचं ठीक आहे, ते त्याच गाडीत परत बसवतात. तुमच्यासाठी उलटा क्रम अस्तित्वातच नाही. म्हणून भाग कुठे होता यापेक्षा तो काय करत होता हे टिपून ठेवणं शहाणपणाचं. काच वर करणाऱ्या मोटरच्या वायरी, वर उघडणाऱ्या दिव्यांच्या वायरी हे नकोसं जाळ्यातून कमी करायचंच आहे, पण नव्या चासीवर इंजिन एकदा सुरू झाल्यावर. आधी छाटलंत आणि ते सुरू झालं नाही, तर दोष वायरीत, इंजिनात की तुमच्यात हे कळायला मार्ग नाही. १.६ मध्ये आणखी एक गंमत आहे. पेट्रोलच्या पंपाला वीज मिळते ती हवा मोजणाऱ्या डब्यातल्या झडपेमार्फत. तो डबा अडचण म्हणून बाजूला ठेवला की पंप गप्प, आणि माणूस नवा पंप घेऊन येतो.

पिशव्यांबद्दल एवढंच, की बोल्टाची सगळ्यात चांगली पिशवी म्हणजे त्याचं स्वतःचं भोक. भाग काढला की बोल्ट दोन आटे परत लावून ठेवा.

आणि आता ती मोजकी चार-सहा दुखणी. खालच्या विशबोनचा लांब बोल्ट रबरी बुशच्या आतल्या पोलादी नळीतून आरपार जातो. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. तीस हिवाळ्यांचं खारं पाणी त्या बोल्टात आणि नळीत मुरलेलं असतं आणि दोघांचं एकच लोखंड झालेलं असतं. नट मात्र हसत निघतो. हा सापळा आहे. मग बोल्टाच्या डोक्याला पाना लावला की तो फिरतोही! तुम्ही खूश. प्रत्यक्षात बोल्ट नळीसकट फिरतोय आणि पिळवटतंय ते रबर. हात सोडला की पाना आपल्या जागी परत येतो, हळूच. ठोकून बघायचं तर नट टोकाशी सपाट होईल एवढा परत लावून मगच ठोका, नाहीतर आटे फुलतात आणि बोल्ट पुढे सरकायचाच बंद होतो. भेदक तेल आठवडाभर रोज घाला. त्याने बोल्ट सुटत नाही, पण रोज काहीतरी केल्यासारखं वाटतं. गॅसच्या टॉर्चने तापवलं की रबर पेटतं आणि जो काळा धूर निघतो त्याने, इतके दिवस हवापाण्यापलीकडे न बोललेले शेजारी कुंपणापर्यंत येतात. शेवटी करवत. रेसिप्रोकेटिंग सॉ, धातू कापायची लांब पाती, आणि बुश व सबफ्रेमच्या (विशबोन धरणाऱ्या खालच्या चौकटीच्या) कानामधल्या फटीतून दोन्ही बाजूंना एकेक काप. कान कापला जात नाही एवढंच बघा. चाकाचा कोन जुळवणाऱ्या तबकड्या त्या बोल्टाबरोबरच शहीद होतात. नवे संच मिळतात, ते बजेटमध्ये आधीच धरा.

मागच्या हबचा २९ चा नट काढणार असाल तर गाडी चाकांवर असतानाच सैल करा. ब्रेकवर घरातलं कोणीतरी बसवा आणि नटाची ठोकून बसवलेली कडा आधी छिन्नीने उचला. स्टँडवर चढवल्यावर त्याच्याशी झटापट केली तर पडते ती गाडी, नट नव्हे.

एमएक्स-५ च्या सांगाड्यावर बसणारं एक्सोसेटसारखं किट असेल तर गाडीचे अवयव सुटे काढायचेच नाहीत. इंजिन, गिअरबॉक्स, दोन्ही सबफ्रेम आणि गिअरबॉक्सला डिफरन्शियलशी बांधणारी ती लांब ॲल्युमिनियमची फ्रेम हे सगळं जमिनीवर तसंच ठेवून वरचं अंग उचलायचं. सहा-सात माणसं लागतात. बिर्याणीचा वायदा केला की जमतात. पण उचलण्याआधी यादी करा: हीटरचे पाइप, क्लचचा पाइप, ब्रेकचे होज, हँडब्रेकची केबल, स्पीडोमीटरची केबल, इंजिनच्या अर्थिंगची वायर, गिअरची दांडी, स्टिअरिंगचा सांधा. यादी कितीही केली तरी चार इंच वर गेल्यावर काहीतरी ताणलं जातं आणि सात माणसं सडकं पत्र्याचं धूड हातात धरून ‘काय अडकलंय?’ असं ओरडतात. बहुतेक वेळा स्पीडोमीटरची केबल असते. तेव्हा खाली वाकून बघायला एक आठवा माणूस बोलवा, त्याला उचलायला लावू नका.

एकसंध असताना ही गाडी तेरा फुटांत मावते. उकलली की गॅरेज, शेड, जिन्याखालची जागा आणि पाहुण्यांची खोली पुरत नाही. दारं, डिक्कीचं झाकण, खुर्च्या, वर उघडणारे दिवे आणि त्यांच्या मोटरी यांना गिऱ्हाईक मिळतं. लगेच विका, ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेलं कधीच लागत नाही.

उरलेलं अंग भंगारात. इथे भंगारवाल्याने रोख देणं बेकायदेशीर आहे, पैसे बँकेत येतात. तो येईल, पत्रा गाडीवर चढवेल आणि सहज हात पुढे करून म्हणेल, ‘लॉगबुक?’ ते द्यायचं नाही. ते दिलंत आणि त्याने गाडी नष्ट झाल्याचा दाखला काढला, तर गॅरेजातल्या तुमच्या इंजिनाची कागदोपत्री आईच जाते. हा नुसता पत्रा आहे, गाडी नाही, असं त्याला सांगा. तो वळून पत्र्याकडे बघेल, तुमच्याकडे बघेल, आणि किटकार का, असं विचारेल. हो म्हणा. मग तो शंभर टक्के सांगणार, त्याच्या मेव्हण्यानेही एक घेतली होती, अजून खोक्यातच आहे.