सर्वोत्कृष्ट, पण विभागून

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची यादी जाहीर झाली, की मी सर्वांत आधी अभिनयाच्या रकान्यात एकूण किती नावे आहेत ते मोजतो. कारण पुरस्कार कोणाला मिळाला यापेक्षा तो किती जणांत वाटला गेला, हीच अलीकडे खरी बातमी असते. १ ऑगस्ट २०२५ रोजी एकाहत्तराव्या पुरस्कारांची घोषणा झाली, तेव्हा सर्वोत्कृष्ट अभिनेते दोन, सहायक अभिनेते दोन, सहायक अभिनेत्री दोन आणि बालकलाकार चक्क पाच निघाले. अख्खा पुरस्कार मिळाला तो एकट्या राणी मुखर्जी यांना. 'मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे'मधले त्यांचे काम मला भडक वाटले, रडण्याच्या जवळजवळ प्रत्येक प्रसंगात त्यांची पट्टी गरजेपेक्षा वर गेली असे माझे मत आहे. पण तो निदान निर्णय तरी आहे आणि त्याच्याशी भांडता येते. विभागून दिलेल्या पुरस्काराशी भांडायचे कसे?

हे एका वर्षापुरते असते तर मी गप्प बसलो असतो. मुख्य अभिनेता आणि मुख्य अभिनेत्री हे दोन्ही पुरस्कार एकेकालाच मिळाले, असे शेवटचे घडले ते पासष्टाव्या पुरस्कारांत, म्हणजे २०१७ च्या चित्रपटांसाठी, जेव्हा रिद्धी सेन यांची आणि मरणोत्तर श्रीदेवी यांची निवड झाली. त्यानंतर आयुष्मान खुराना आणि विकी कौशल, मग मनोज बाजपेयी आणि धनुष, मग सूर्या आणि अजय देवगण. पुढच्या वर्षी अल्लू अर्जुन एकटे आले, तर तिकडे आलिया भट आणि क्रिती सनॉन यांची जोडी लागली. त्याच्या पुढच्या वर्षी ऋषभ शेट्टी एकटे, तर नित्या मेनन आणि मानसी पारेख जोडीने. आणि आता 'जवान'साठी शाहरुख खान आणि 'ट्वेल्थ फेल'साठी विक्रांत मॅसी. सलग सहा वर्षे दोनांपैकी एक मुख्य पुरस्कार फोडलेला आहे. दरवर्षी दोन कामे तंतोतंत तोडीस तोड निघतात, आणि तीही एका वेळी फक्त पुरुषांत किंवा फक्त स्त्रियांत, यावर विश्वास ठेवण्याइतका मी भोळा नाही. एक हिंदी आणि एक तमिळ, एक गल्ला भरणारा आणि एक गंभीर, असे ताट वाढले की कोणी रुसत नाही, हे मात्र मला पटते.

आमचे मेव्हणे बँकेतून निवृत्त झाले आहेत आणि कोणत्याही वादात मधला मार्ग काढण्याची त्यांना सवय आहे. "अहो, दोघांनाही मिळाला, तर तुमच्या पोटात का दुखते?" असे ते मला दर वेळी विचारतात. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत गणेशोत्सवात चिमुकल्यांची वेशभूषा स्पर्धा असते. तेथे सगळ्या शिवाजी महाराजांना आणि सगळ्या भाजीवालींना पहिला क्रमांक द्यावा, माझी हरकत नाही, कारण तेथे रडारड टाळणे हाच हेतू असतो. राष्ट्रपतींच्या हस्ते दिल्या जाणाऱ्या पुरस्काराचा हेतूही तोच असेल, तर तसे नियमावलीत लिहून टाकावे, म्हणजे आमच्यासारखे लोक उगाच रक्त आटवणार नाहीत.

माझ्या पोटात दुखते ते विक्रांत मॅसी यांच्यासाठी. सदाशिव पेठेत आणि शास्त्री रस्त्याच्या आसपास ज्या अभ्यासिका आहेत, तेथे राज्यसेवेची तयारी करणारी मुले अरुंद टेबलांवर दिवसदिवस बसलेली असतात. डबा तेथेच, डुलकी तेथेच, आणि निकालाच्या दिवशी जिन्यात उभे राहून घरी फोन लावणेही तेथेच. या मुलांना 'ट्वेल्थ फेल' कोणी समजावून सांगावा लागला नाही. पिठाच्या गिरणीत राबताना केसांवर पीठ साचलेला आणि त्याच खोलीत पुस्तक उघडून बसलेला त्यातला नायक मनोज त्यांनी आरशात पाहावा तसा पाहिला. मॅसी यांनी त्या भूमिकेत कोठेही 'बघा, मी किती गरीब दिसतो' असा आव आणलेला नाही. शेवटी निकालाची यादी पाहून तो गुडघ्यांवर कोसळतो, तेव्हा त्या रडण्यात आनंदापेक्षा थकवा जास्त आहे, आणि ही गोष्ट ठरवून करता येणे म्हणजे काय, हे ज्याने कधी रंगमंचावर चार वाक्ये बोलून पाहिली असतील त्याला कळेल. त्या वर्षी याच्याजवळ जाणारे दुसरे काम हिंदीत मी पाहिले नाही. 'जवान' मी शिट्ट्या मारत पाहिला, पुन्हाही पाहीन. बाप आणि मुलगा या दोन्ही भूमिकांत शाहरुख खान यांनी जो रुबाब दाखवला तो दुसऱ्या कोणाला जमला नसता. पण रुबाब ही एक गोष्ट आणि वर्षातला सर्वोत्कृष्ट अभिनय ही दुसरी, आणि ज्युरीला हा फरक कळत नसेल असे मला वाटत नाही.

मग हे का झाले, याचे उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. तीस वर्षांहून अधिक काळ काम करूनही शाहरुख खान यांना हा पुरस्कार एकदाही मिळाला नव्हता. त्यांचा 'स्वदेस' २००४ मध्ये आला होता आणि त्या वर्षीचा पुरस्कार 'हम तुम'साठी सैफ अली खान यांना गेला. तो निर्णय तेव्हाही मला पटला नव्हता, पण त्याच्या आदल्या वर्षीच्या पुरस्कारांत शाहरुख खान यांच्यापेक्षा मोठा अन्याय अरुण नलावडे यांच्यावर झाला असे मी आजही म्हणेन. त्या वर्षीच्या ज्युरीने 'श्वास'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ दिले. नातवाचे डोळे काढल्याशिवाय तो जगणार नाही, हे डॉक्टरांकडून ऐकणारा आणि ते त्या पोराला कसे सांगावे म्हणून आतल्या आत मोडत जाणारा आजोबा नलावडे यांनी उभा केला होता. तो आजोबा नसता तर तो चित्रपट उभाच राहिला नसता. चित्रपट देशात पहिला आणि आजोबा कोठेच नाहीत, असा तो हिशेब होता. असो. सांगायचे ते इतकेच, की ज्याची थकबाकी होती ती त्याला त्याच्या चांगल्या कामासाठी, अख्खी आणि वेळेवर द्यायला हवी होती. एकोणीस वर्षांनंतरच्या भलत्याच चित्रपटासाठी ती द्यायची, आणि तीही ज्याची काही थकबाकी नव्हती अशा तरुण नटाच्या वाट्यातून कापून, हा न्याय कोणत्या बाजारातला?

वाटणीबरोबर खाली ढकलण्याचाही प्रकार चालतो, आणि त्याने तर माझे डोके अधिकच फिरते. 'उळ्ळोळुक्क' हा मल्याळम चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवत असेल: केरळमधल्या कुट्टनाडमध्ये पुराचे पाणी घरात शिरलेले आहे, मुलाचा मृतदेह दफनासाठी ताटकळत पडला आहे, आणि त्या घरात सासू आणि सून एकमेकींपासून काय लपवत आहेत ते हळूहळू वर येते. सासू ऊर्वशी, सून पार्वती तिरुवोत्तु. दोघी नसतील तर चित्रपटात पाण्याखेरीज काही उरत नाही. त्या ऊर्वशींना ज्युरीने सहायक अभिनेत्री ठरवले, आणि तो पुरस्कारही 'वश' या गुजराती भयपटातल्या जानकी बोडीवाला यांच्याबरोबर विभागून दिला. एवढी वाटणीची हौस होती, तर निदान ती त्याच घरातल्या सुनेशी करायची! पार्वतींच्या हाती काहीच पडले नाही. ऊर्वशींना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार २००५ च्या 'अच्चुविंटे अम्मा'साठी आधीच मिळालेला होता. या वेळी त्या गप्प बसल्या नाहीत; मुख्य कोण आणि सहायक कोण हे कोणत्या निकषावर ठरवले, असे त्यांनी जाहीरपणे विचारले आणि हे काही निमूटपणे घ्यायचे निवृत्तिवेतन नव्हे, अशा आशयाचे सुनावले. मला त्यांचे ते बोलणे फार आवडले.

हा खाली ढकलण्याचा रोग केवळ आपला नाही, हे मान्य. ऑस्करमध्ये २०२५ साली 'अ रिअल पेन'साठी किरन कल्किन यांनी सहायक अभिनेत्याचा पुरस्कार नेला, आणि त्या चित्रपटात दोन चुलतभाऊ सोडून फारसे कोणी नाही. पण वाटणीच्या बाबतीत त्यांची लाज अजून शाबूत आहे. तेथे गेल्या सुमारे शंभर वर्षांत अभिनयाचा पुरस्कार दोघांत गेला तो दोनदाच: एकदा १९३२ मध्ये, आणि मग १९६९ मध्ये कॅथरिन हेपबर्न आणि बार्ब्रा स्ट्रायसँड यांना मते खरोखर समसमान पडली तेव्हा. हजारो मतदार असूनही बरोबरी शतकात दोनदा होते, आणि आपल्याकडे एका टेबलाभोवती मावणाऱ्या मंडळींत ती दरवर्षी होते! खासगी सोहळ्यांबद्दल तर बोलायलाच नको. फिल्मफेअरने २०२५ मध्ये अभिषेक बच्चन आणि कार्तिक आर्यन यांना एकत्र सर्वोत्कृष्ट ठरवले आणि समीक्षकांच्या पसंतीचे म्हणून राजकुमार राव यांना वेगळे ठरवले. एका रात्रीत तीन.

हे सगळे पुण्यात बसून पाहताना जास्त झोंबते, कारण निकालाला तोंड कसे द्यायचे हे या शहराने पाहिलेले आहे. पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या निकालाला ज्यांनी भरत नाट्य मंदिरात हजेरी लावली आहे, त्यांना तो आवाज माहीत असेल: गॅलरीपासून पायऱ्यांपर्यंत विद्यार्थी, 'आरे आव्वाज कुणाचा' अशी आरोळी, आणि समोर कागद हातात धरलेले परीक्षक. २०२२ मध्ये त्या परीक्षकांनी करंडकाच्या योग्यतेची एकही एकांकिका नाही असे सांगून तो कोणालाच दिला नाही. केवढा गहजब झाला होता! मुलांच्या कष्टांचे काय, असे विचारले गेले, परीक्षकांवर टीकेची झोड उठली, आणि मलाही तो निर्णय कठोर वाटला होता. पण त्यांनी आपले मत सांगितले आणि त्याचे परिणाम अंगावर घेतले. महाविद्यालयीन स्पर्धेच्या परीक्षकांकडे जी हिंमत असते, ती दिल्लीत गेल्यावर कोठे जाते?

शिवाय वाटणीचा फटका आपल्या माणसांनाही बसला आहे. पुण्याच्या सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु'मध्ये डॉ. मोहन आगाशे यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली. मुलगी खरेदीसाठी उतरते, म्हातारा गाडीत एकटा राहतो, हत्ती दिसतो आणि लहान मुलासारखा तो त्याच्या मागे चालू लागतो. त्या चालण्यात विद्वत्ता, विस्मरण आणि कुतूहल हे तिन्ही दिसत राहते. त्या वर्षी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार दोघांत वाटला गेला, आणि त्या दोघांत आगाशे नव्हते. माहुताच्या कन्नड बोलणाऱ्या बायकोचे अप्रतिम काम करणाऱ्या अमृता सुभाष यांना सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, पण तोही विभागून.

त्याच्या आदल्या वर्षी, २०१२ च्या चित्रपटांसाठी, 'अनुमती'चे विक्रम गोखले आणि 'पान सिंग तोमर'चे इरफान खान यांना एकत्र बसवले गेले. तेव्हापासून पुण्यात गोखल्यांच्या पुरस्काराचा उल्लेख झाला, की कोणीतरी 'इरफानबरोबर' असे हळूच जोडतोच, आणि हिंदी लिहिणारे इरफान यांच्या पुरस्कारातून गोखल्यांचे नाव खुशाल गाळतात. हे प्रकरण सर्वांत अवघड होते, हे मीही नाकारत नाही. म्हणूनच मेव्हण्यांनी परवा मला नेमके तेथेच पकडले. "मोठे शहाणे आहात ना, मग तुम्ही ज्युरीत असता तर कोणाला दिला असता?"

मी इरफान यांचे नाव घेतले. बायको अंथरुणावर निपचित पडली आहे, उपचार थांबवण्याच्या कागदावर सही करायची की पैशांसाठी आणखी दारे ठोठावायची, या कोंडीत सापडलेला नवरा गोखल्यांनी अतिशय संयमाने केला आहे. पण त्यांचे प्रसिद्ध विराम मला तेथे अधूनमधून ऐकू येतात, नट ऐकू येतो. इरफान सुरुवातीला आइसक्रीम वितळू नये म्हणून ते हातात घेऊन धावत सुटलेला जवान असतात आणि शेवटी त्याच पायांनी चंबळच्या दऱ्यांत जिवाच्या आकांताने पळणारा बागी असतात, आणि मधल्या प्रवासात नट म्हणून ते मला कोठेही सापडत नाहीत. मेव्हण्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "पुण्यात राहून हे बोलता? गोखल्यांबद्दल?" तेव्हापासून ते फोनवरही 'अनुमती'मधला एखादा प्रसंग काढून मला सुनावतात, मी आइसक्रीमचा प्रसंग काढून उलट उत्तर देतो, आणि बहीण दोघांनाही गप्प बसायला सांगते. दोघांना अर्धे अर्धे देऊन मोकळे व्हा, असे मात्र मेव्हण्यांनी अजून एकदाही सुचवलेले नाही.