व्हॅन आर्टला हलवू नकोस

मे महिना, जुलै महिना, आणि ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आमच्याकडे जेवायला यायचं असेल तर आधी फोन करून या. जेवण असतं, पण ते किती वाजता मिळेल हे माझ्या हातात नसतं. आल्प्समधल्या कुठल्याशा घाटात कुणाच्या मांड्यांमध्ये किती दम उरलाय, त्यावर ते ठरतं.

सायकलच्या या तीन मोठ्या शर्यती: मेमध्ये इटलीतली जिरो, जुलैत टूर द फ्रान्स, मग स्पेनमधली व्हुएल्टा. प्रत्येक शर्यत तीन आठवड्यांची, एकवीस टप्प्यांची. आपल्याकडे हे प्रकरण ऐन दुपारच्या चहाला सुरू होतं आणि रात्री नऊच्या आसपास संपतं. शर्यत बघण्याला माझी हरकत नाही. हेलिकॉप्टरमधून जुने किल्ले दिसतात, द्राक्षमळे दिसतात, सासूबाईसुद्धा जपमाळ हातात घेऊन समोर बसतात. माझे हाल शर्यत संपल्यावर सुरू होतात.

कारण आमच्याकडे दोन भाऊ आहेत. माझा नवरा बँकेत कर्जाचे अर्ज तपासतो. भावोजी कॉलेजात फिजिक्स शिकवतात आणि आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात, म्हणजे वाद अर्धवट सोडून घरी जायची त्यांना कधी घाई नसते. दोघंही रविवारी पहाटे सायकली काढतात, सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जातात आणि तिथे भजी खाऊन परत येतात. घाट कसा चढावा याविषयीची त्यांची सगळी मतं पायथ्याशी तयार झालेली आहेत. त्यातून भावोजींनी लहानपणी मुंबई-पुणे सायकल शर्यत बोरघाटात उभं राहून पाहिलेली. ‘घाटाचा राजा’ त्यांच्या अगदी कोपराजवळून गेला म्हणे. तेव्हापासून जगातल्या कुठल्याही घाटावर त्यांचा शब्द शेवटचा असतो, असं निदान त्यांना वाटतं.

आता ३१ मे २०२५ ची गोष्ट सांगते, कारण ती अजून संपलेली नाही.

जिरोचा विसावा टप्पा, शनिवार. दुसऱ्या दिवशी रोममध्ये फक्त मिरवत जायचं, म्हणजे खरा निकाल आजच. पाऊस त्या वर्षी मेअखेरीलाच येऊन ठेपला होता, घरात आमरसाचं शेवटचं पातेलं होतं. एकूण वेळेत सगळ्यांच्या पुढे असणाऱ्याची गुलाबी जर्सी एकवीस वर्षांच्या मेक्सिकन पोराच्या अंगावर, इसाक देल तोरो. त्याच्या मागे ४३ सेकंदांवर इक्वेडोरचा रिचर्ड कारापाझ. आणि १ मिनिट २१ सेकंदांवर इंग्लंडचा सायमन येट्स, ज्याच्याकडे त्या क्षणापर्यंत आमच्या घरात कुणीही लक्ष दिलेलं नव्हतं.

वाटेत कोले देल्ले फिनेस्त्रे नावाचा घाट. साडेअठरा किलोमीटर, सरासरी नऊ टक्क्यांहून जास्त चढ, आणि वरचे आठेक किलोमीटर चक्क कच्चा रस्ता. पायथ्याशीच कारापाझच्या टीमनं वेग वाढवला, कारापाझ सुटला, देल तोरो त्याच्या चाकाला चिकटला. मागून येट्स आला, त्यानंही दोनतीनदा निघून बघितलं आणि एकदा निघाला तो निघालाच. त्याच्यामागे हे दोघं. कारापाझ झटका देई, देल तोरो चिकटे. कारापाझ वळून बघे, देल तोरो त्याच्याकडे बघे. मग दोघंही हळू होत. घाटमाथ्यावर पोहोचेपर्यंत येट्सनं १ मिनिट २१ सेकंद वसूल करून वर आघाडीही घेतली होती. उतारानंतरच्या दरीत त्याच्या टीमचा वाऊट व्हॅन आर्ट थांबलेला. तो आधीपासून पुढच्या टोळीत पाठवून ठेवलेला होता. त्यानं येट्सला मागे घेतलं आणि वारा कापत सेस्त्रिएरेच्या चढापर्यंत ओढून नेलं. देल तोरो आणि कारापाझ येट्सच्या पाच मिनिटांहून जास्त मागे पोहोचले. एकत्र.

“दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ,” सासूबाई म्हणाल्या आणि माळेचा पुढचा मणी ओढला.

विषय इथे संपायला काही हरकत नव्हती. पण म्हणीत विषय संपला तर तज्ज्ञांनी करायचं काय? भावोजी म्हणाले, “आई, इतकं सोपं नसतं ते.” आणि त्यांनी टेबलावर शर्यत मांडायला घेतली.

लिंबाच्या लोणच्याची बरणी म्हणजे फिनेस्त्रे. मीठदाणी येट्स. देल तोरो आणि कारापाझ या दोन वाट्या, एकीत कोशिंबीर, दुसरीत चटणी. आणि तुपाचं भांडं त्यांनी टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं, दरीत. मी गरम पोळी घेऊन आले, तुपाला हात घातला, तर दोघंही एका सुरात ओरडले, “व्हॅन आर्टला हलवू नकोस!”

त्या रात्री सगळ्यांनी कोरड्या पोळ्या खाल्ल्या. दोघा भावांचं ज्यावर एकमत झालं असं त्या संध्याकाळचं तेवढं एकच वाक्य.

नवऱ्याचं म्हणणं, देल तोरोचं काही चुकलं नाही. त्याला धोका दुसऱ्या नंबरचा, कारापाझचा. येट्समागे तो जिवाच्या आकांतानं ओढत गेला असता, तर कारापाझ त्याच्या चाकामागे आरामात बसला असता आणि शेवटच्या चढावर ताजातवाना निघून गेला असता. मग नवऱ्यानं बँक काढली. “कर्जदार पळाला तर आपण त्याच्यामागे धावतो का? जामीनदाराला धरतो. देल तोरोनं जामीनदार शेवटपर्यंत सोडला नाही.”

“आणि पैसे बुडाले,” सासूबाई म्हणाल्या.

भावोजींनी वही मागवली. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, हे मला आता झोपेतही म्हणता येईल. मुद्दा असा की नऊ टक्क्यांच्या चढावर वेग मुळात कमी, तिथे लढाई गुरुत्वाकर्षणाशी असते, पुढच्याच्या चाकामागे लपून फारसं काही वाचत नाही. मग घाटात ‘तू ओढ, मी ओढणार नाही’ हा तमाशा कशाला? देल तोरोनं सरळ आपल्या ताकदीनं येट्सच्या मागे जायचं. लपाछपीला अर्थ येतो तो सपाटीवर, म्हणजे त्या दरीत. आणि तिथे या दोघांनी आळीपाळीनं वारा खायचा सोडून एकमेकांची तोंडं बघितली.

“पण कारापाझनं का नाही ओढलं?” नवरा.

“गुलाबी जर्सी त्याची होती का?” भावोजी.

“दुसरा नंबर तर त्याचा होता! तोही गेला ना!”

हे मात्र खरं. शेवटच्या यादीत येट्स पहिला, देल तोरो ३ मिनिटं ५६ सेकंदांनी दुसरा आणि कारापाझ ४ मिनिटं ४३ सेकंदांनी तिसरा. ज्यानं घाटाच्या तळापासून सगळे हल्ले केले, तो एक पायरी खाली आला. नवऱ्यानं मग हुकमाचं पान टाकलं: २०१९ ची जिरो हाच कारापाझ कशी जिंकला? कुर्मायूरच्या टप्प्याला रोग्लिच आणि निबाली हे दोन दावेदार एकमेकांवर डोळे लावून बसले आणि हा गुपचूप निघून गेला. म्हणजे या परीक्षेचा पेपर त्यानं आधी सोडवलेला होता, पहिला नंबर काढून!

मला मधे पडायची हौस नव्हती. पण या वादांमध्ये तटस्थ माणसाला सोडत नाहीत. “तू सांग,” नवरा म्हणाला. “वहिनी, तुम्हीच सांगा,” भावोजी म्हणाले. मी आधी म्हटलं, दोघांचंही बरोबर आहे. त्यावर दोघांचेही चेहरे असे पडले, जणू मी दोघांनाही मूर्ख म्हटलं. मग म्हटलं, दोघांचंही चुकलं. तर नवरा म्हणतो, “दोघं म्हणजे कोण? आम्ही की ते?”

खरं तर मला एक विचारायचं होतं. येट्स जिंकला, त्याच्याबद्दल कुणीच का बोलत नाही? दोन तास झाले, हरलेल्यांच्या अकलेचा पंचनामा चाललाय आणि जिंकलेला माणूस मीठदाणी होऊन कोपऱ्यात पडलाय. याच येट्सनं २०१८ मध्ये तेरा दिवस गुलाबी जर्सी घातली होती, आणि याच फिनेस्त्रेवर त्याचे पाय गेले होते. त्या दिवशी क्रिस फ्रूम ऐंशी किलोमीटर एकटा पळाला आणि येट्स अडतीस मिनिटांहून जास्त मागे आला. सात वर्षांनी तोच घाट, आणि या वेळी दरीत आपला माणूस आधीच नेऊन उभा केलेला. याला डाव म्हणायचं नाही तर कशाला? पण चाहत्यांना जिंकणाऱ्याच्या शहाणपणात गोडी नसते. आपण त्या जागी असतो तर काय केलं असतं हे फक्त हरणाऱ्याच्या जागी बसून सांगता येतं.

शर्यत संपवून येट्स रडला तेव्हा सासूबाईंनीही डोळ्यांना पदर लावला होता. त्याचा जुळा भाऊ ॲडम देल तोरोच्याच टीममधून पळतो, म्हणजे त्या दिवशी समोरच्या गोटात होता, हे कळल्यावर त्यांनी विचारलं, “मग रात्री दोघं भाऊ एका पानावर बसले असतील का रे?”

आमचे दोघं भाऊ एकदम लोणच्याच्या बरणीकडे बघायला लागले. जाऊबाईंनी तेवढ्यात पानं उचलली.

जूनभर हा घाट आमच्या घरात होता. नवऱ्यानं एक्सेलमध्ये तक्ता केला. भावोजींनी आलेख काढला आणि तो फ्रीजवर दुधाच्या हिशेबाशेजारी लावला. एका नातेवाइकांच्या लग्नात पंगतीला बसल्यावर नवऱ्यानं जिलबीच्या साहाय्याने पुन्हा सुरुवात केली, तेव्हा वाढपी बिचारा मठ्ठ्याची बादली घेऊन ताटकळला.

मग जुलै आला आणि टूरमध्ये मला स्लोव्हेनियाचा पोगाचार भेटला. मी त्याची निस्सीम भक्त झाले, ते सायकलिंगच्या प्रेमापोटी अजिबात नाही. तो पुढे निघाला की बोलण्यासारखं काही उरत नाही! ओताकामच्या चढावर तो त्याचा मुख्य प्रतिस्पर्धी, डेन्मार्कचा विंगेगॉर, याच्यापासून असा निघाला की माथ्यापर्यंत २ मिनिटं १० सेकंदांचं अंतर. दुसऱ्या दिवशी चढावरच्या टाइम ट्रायलमध्येही, म्हणजे एकेकट्यानं घड्याळाशी लढायच्या टप्प्यातही, तोच पहिला. भावोजी टीव्हीकडे बघत म्हणाले, “यात काय बोलायचं?” हे वाक्य ऐकून जाऊबाईंनी देवापुढे साखर ठेवली. सव्वानऊला पानं वाढली गेली. तूप तुपाच्या जागी होतं.

हे सुख आठवडाभरही टिकलं नाही. पोगाचारनं ती टूर ४ मिनिटं २४ सेकंदांनी जिंकली, पण तिसऱ्या आठवड्यात तो गप्प गप्प पळाला, विंगेगॉरला नजरेखाली ठेवून. म्हणजे न केलेल्या हल्ल्यावर वाद! त्याला जमत नव्हतं की त्याला गरज नव्हती? हल्ला झाला तर त्याला निदान सुरुवात आणि शेवट असतो. न झालेल्या हल्ल्यावर माणसं कितीही वेळ बोलू शकतात, आणि बोलली.

व्हुएल्टाला तर पोगाचार आलाच नाही. त्यात गणपती. आंग्लिरूचा भयंकर चढ अनंत चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी आला आणि आमची आरती पोर्तुगालच्या जुआव अल्मेदाच्या वेगावर अवलंबून राहिली. अल्मेदा पुढे, विंगेगॉर त्याच्या चाकामागे, माथ्यापर्यंत तसेच. टप्पा अल्मेदानं जिंकला, पण शेवटी व्हुएल्टा विंगेगॉरची. नवऱ्यानं हीच वेळ साधली. “काय रे, चढावर मागे बसून काही वाचत नाही ना? मग तो शेवटपर्यंत मागे का बसला?”

भावोजींनी झांजा खाली ठेवल्या. थोडा विचार केला. “मानसिक कारण आहे त्याला,” ते म्हणाले. फिजिक्सच्या माणसावर ही पाळी आलेली बघून मला दयाच आली, पण नवऱ्याचा आनंद असा की त्यानं त्या रात्रीची सगळी भांडी घासली. तर असे वाद अगदीच निरुपयोगी नसतात, एवढं मान्य करते.

आणि मग जानेवारी २०२६ मध्ये हे सगळं दारातच आलं. पुणे ग्रँड टूर, बाहेरदेशच्या टीम, पाच दिवस. रस्ते असे गुळगुळीत झाले की स्कूटर चालवताना माझा मलाच विश्वास बसेना. आता उभं कुठे राहायचं? नवरा म्हणे वळणावर, तिथे वेग कमी होतो. भावोजी म्हणे चढावर, तिथे माणसाचा कस दिसतो. शेवटी सासूबाईंनी आपली घडीची खुर्ची जिथे सावली होती तिथे उघडली आणि आम्ही सगळे तिथेच उभे राहिलो.

तासभर वाट पाहिली. आधी मोटारसायकली, गाड्या, शिट्ट्या, मग एक मोठा सरसर आवाज आणि रंगांचा एक पट्टा. अर्ध्या मिनिटात सगळं संपलं. मी मोबाइल काढेपर्यंत शेवटच्या माणसाची पाठ दिसत होती.

त्या अर्ध्या मिनिटावर दोघं भाऊ रस्त्यात उभं राहून बोलायला लागले. पुढच्या टोळीत कोण कुणाच्या चाकाला होतं, कुणी ओढायला नकार दिला, कुणाची टीम झोपली होती. बंदोबस्ताचा हवालदार दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा म्हणाला, “साहेब, सगळे गेले. रस्ता खुला करायचाय, बाजूला व्हा.”

“एक मिनिट,” भावोजी म्हणाले, “तुम्ही तर अगदी समोर होतात. तुम्हीच सांगा.”

मी डोळे मिटून घेतले. हवालदारानं शिट्टी तोंडातून काढली, मागे अडवून धरलेल्या गाड्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, “तो निळा होता ना पुढं, त्यानं आधीच निघायला पायजे होतं.”

“बघ!” भावोजी ओरडले.

“निळा? कुठला निळा?” नवरा म्हणाला, आणि तिघंही रस्त्याच्या मधोमध आणखी जवळ सरकले. मागून हॉर्न सुरू झाले.